वागण्याला नियम, मनाला मोकळीक



मंदिरात स्वाध्याय आटोपला की आमची दहा-पंधरा मिनिटं पायऱ्यांवर जातात. पूर्वी त्या वेळात सुनांचे विषय निघायचे, हल्ली नातवंडांचे निघतात. "आठवीपर्यंत किती गुणी होता हो, आता तोंड उघडलं की भांडण." "खोलीचं दार लावून बसते. विचारलं तर म्हणते, काही नाही." "परीक्षा आली की पोटात दुखतं, आणि डॉक्टर म्हणतात पोटात काहीच नाही." आणि शेवट ठरलेल्या वाक्यानं होतो. मूल हट्टी असेल तर "आईनं लाडावून ठेवलंय", आणि मूल घाबरट असेल तर "आईनं फार धाकात ठेवलंय". म्हणजे काहीही झालं तरी रक्कम आईच्याच नावे पडते!

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, पण एक गोष्ट डोक्यातून गेलेली नाही. एकाच बाजूला नोंदी केल्या तर ताळेबंद कधीच जुळत नाही. आमच्या नात्यातल्या एका घरात तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं दुखणं आलं, तेव्हा मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं, डॉक्टरांना विचारलं. वाढत्या वयातल्या मुलांच्या मनाला जे त्रास होतात, त्यात आईबापांच्या वागण्याचा वाटा किती आणि कसा, याबद्दल जे कळलं ते आज लिहिते. ते आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे.

आधी हा त्रास किती घरांत आहे ते बघू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 10 ते 19 वयोगटातल्या साधारण दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. आपल्याकडे 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, त्यात 13 ते 17 वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण 7.3 टक्के निघालं. म्हणजे आपल्या पाठशाळेत या वयाची तीस मुलं बसत असतील, तर त्यात दोघं तरी अशी असू शकतात. ती ओळखू येत नाहीत, कारण ती गप्प असतात किंवा आपण त्यांना उद्धट म्हणून मोकळ्या होतो.

आता आईच्या नावावरच्या रकमेकडे वळू. मूल कोरी वही घेऊन येत नाही. न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर पती-पत्नींनी 1956 मध्ये एक अभ्यास सुरू केला. 133 बाळांना तान्हेपणापासून ते मोठी होईपर्यंत त्यांनी पाहिलं. त्यांना दिसलं की स्वभावाची ठेवण अगदी पाळण्यापासूनच वेगळी असते. साधारण 40 टक्के मुलं सहज रुळणारी होती. 10 टक्के मुलं अवघड होती, म्हणजे झोप-भूक वेळेवर नाही आणि रडणं मोठं. 15 टक्के मुलं हळूहळू रुळणारी होती, आणि बाकीची मिश्र. पण त्यांचा खरा निष्कर्ष पुढचा आहे. स्वभाव अवघड असला म्हणून मूल पुढे बिघडतं असं नाही. त्या स्वभावाची आणि घराच्या रीतीची जुळणी झाली नाही की त्रास सुरू होतो.

आपल्याला हे परदेशातून शिकायची गरजच नाही. गव्हाची कणीक आणि ज्वारीचं पीठ आपण एकाच हातानं मळतो, पण एकाच पद्धतीनं नाही. ज्वारीला आधणाचं पाणी लागतं, ती हातानं थापावी लागते. पोळीसारखी लाटायला गेलं तर कडा फाटतात. त्यात पिठाची चूक नसते, हाताचीही नसते. मोठ्या मुलाला जी शिस्त मानवली, तीच धाकटीला का मानवत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथंच असतं.

मग धाक हवा की लाड? हा प्रश्नच अपुरा आहे. डायना बाउमरिंड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1960 च्या दशकात आईबापांच्या वागण्याचे प्रकार मांडले, आणि 1983 मध्ये एलेनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्याची नीट चौकट केली. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या: घरात माया किती आणि शिस्त किती. त्यातून चार घरं होतात. शिस्त भरपूर पण माया दिसत नाही, ते हुकमाचं घर. माया भरपूर पण नियमच नाही, ते मोकळ्या रानासारखं घर. दोन्ही नाही, ते दुर्लक्षाचं घर. आणि दोन्ही भरपूर, ते खंबीर घर. चौथ्या घरातली मुलं एकंदरीत सावरलेली निघतात आणि दुर्लक्षाच्या घरातली सगळ्यात जास्त होरपळतात, असं पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं. रूथ चाओ या बाईंनी 1994 मध्ये त्यात एक चांगली दुरुस्ती सुचवली. चिनी कुटुंबांचा अभ्यास करून त्या म्हणाल्या की कडकपणाचा अर्थ प्रत्येक समाजातलं मूल सारखाच लावत नाही. आई कडक आहे म्हणजे तिला माझी काळजी आहे, असंही मूल समजू शकतं. आपल्या घरांनाही हे लागू पडेल असं मला वाटतं. सूर्यास्ताआधी जेवण, कंदमुळं नाहीत, पाठशाळा चुकवायची नाही, हे आपले नियम कडकच आहेत. त्या नियमांनी आपली मुलं बिघडत नाहीत.

बिघडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. ब्रायन बार्बर या अभ्यासकानं 1996 मध्ये धाकाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक मुलाच्या वागण्यावरचा, आणि दुसरा मुलाच्या मनावरचा. "रात्री नऊच्या आत घरी यायचं" हा वागण्यावरचा नियम. "तू उशीर केलास, आता मला आई म्हणू नकोस" हा मनावरचा ताबा. पहिल्यानं मुलाला कुंपण मिळतं. दुसऱ्यानं त्याच्या पायाखालची जमीनच जाते. बार्बर आणि त्याच्यानंतरच्या अभ्यासकांना या दुसऱ्या प्रकाराचा संबंध उदासीनता, भीती आणि स्वतःबद्दलच्या कमीपणाशी दिसला.

या मनावरच्या ताब्याची आपल्या घरांतली हत्यारं आपल्याला पाठ आहेत. "तुझ्यासाठी मी काय काय सोडलं." "तुझ्यामुळे बाबांचं बीपी वाढलं." "मावशीच्या मुलीकडे बघ." आणि सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे अबोला. आवाज नाही, मार नाही, शेजाऱ्यांना ऐकू जात नाही, त्यामुळे ती शिक्षा आहे असं कुणाला वाटतही नाही. पण ज्या वयात मूल मनातल्या मनात सारखं विचारत असतं, "मी नकोशी तर नाही ना?", त्या वयात आई तीन दिवस बोलली नाही की त्याला उत्तर मिळून जातं.

पातळ कातडीच्या मुलांसाठी हे जास्त खरं आहे. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1993 मध्ये आपला विचार पुस्तकात मांडला. काही मुलांच्या भावना लवकर पेटतात, मोठ्या पेटतात आणि विझायला वेळ लागतो. अशा मुलाच्या घरात प्रत्येक भावनेला "त्यात रडण्यासारखं काय आहे?" हे एकच उत्तर मिळत गेलं, तर मूल दोन गोष्टी शिकतं. आपल्याला जे वाटतं ते चुकीचं असतं ही एक. आणि लहान आवाजात सांगून कुणी ऐकत नाही, मोठं काहीतरी करावं लागतं ही दुसरी. मग दार आपटणं, हातावर जखमा करून घेणं, मरणाची भाषा. पुढे जाऊन नाती टिकत नाहीत, मन क्षणात वर क्षणात खाली, असा व्यक्तिमत्त्वाचाच त्रास होऊ शकतो. स्वभाव आणि घर दोन्ही मिळून हे घडतं, असं त्या सांगतात.

आता त्या मुलीबद्दल लिहिते. तिच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नात्यानं ती माझ्या नणंदेची नात. अभ्यासात पहिली, बोलायला कमी, चेहऱ्यावर सगळं उमटणारी. आई शिक्षिका, शिस्तीची. रागावली की ओरडायची नाही, बोलणं बंद करायची. वडील प्रेमळ, पण मुलगी रडवेली दिसली की त्यांचं एकच वाक्य, "तुला कशाची कमी आहे?" वाईट माणसं अजिबात नव्हेत. तुमच्या-माझ्यासारखं घर.

नववीत असताना तिनं दशलक्षणात दहा दिवस एकाशन केलं. सगळ्यांनी कौतुक केलं, मंदिरात सत्कार झाला. पर्व संपलं, पण तिचं एकाशन संपेना. मग अष्टमी-चतुर्दशीचे उपवास आले. रसपरित्याग म्हणून तूप सोडलं, मग साखर, मग तेल. क्लासवरून यायला अंधार व्हायचा, त्यामुळे संध्याकाळचं जेवण आपोआपच सुटलं. लग्नाकार्यात कुणी आग्रह केला की "आज माझा त्याग आहे" म्हणायची, आणि आपल्या समाजात या वाक्यापुढे कुणी आग्रह करत नाही. उलट बायका आपल्या मुलींना सांगायच्या, "बघ, किती धार्मिक आहे ती!"

लक्षात आलं ते नणंदेच्या. तिनं स्वतः आयुष्यभर उपवास केलेत. ती मला फोनवर म्हणाली, "वहिनी, उपवास करणाऱ्याला पारण्याची ओढ असते. या पोरीला पारण्याची भीती वाटते." मग बाकीचं दिसायला लागलं. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे, गार पडलेले हात, उशीवर केसांचे पुंजके, तीन महिने पाळी नाही. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा नऊ किलो वजन उतरलं होतं आणि नाडी मंद झाली होती. त्यांनी आधी रक्त-हृदय तपासलं, मग मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. आजाराचं नाव अॅनोरेक्झिया नर्व्होसा. हा आजार जिवावर बेतू शकतो, हे तिथं घरच्यांना पहिल्यांदा कळलं.

नातेवाइकांनी लगेच निकाल दिला, "आईमुळे झालं." डॉक्टरांनी तो मान्य केला नाही. ते म्हणाले की या आजारात जन्मजात ठेवण असते, वयात येताना शरीर बदलतं ते असतं, शाळेत जाडीवरून कुणी बोललेलं असतं, कमी खाल्ल्यानं मेंदूवर होणारा परिणामही असतो. एका कारणावर बोट ठेवता येत नाही. आईवर खापर फोडायची खोड परदेशातही होती. स्वमग्न मुलांच्या आया मायेनं थंड असतात म्हणून मुलं तशी होतात, असं गेल्या शतकाच्या मध्याला मोठे मोठे डॉक्टर सांगायचे. ते साफ खोटं ठरलं, पण तोवर कितीतरी आया अपराधाखाली दबून गेल्या. म्हणून या मुलीच्या उपचारात पहिलं काम होतं दोष बाजूला ठेवणं आणि दुसरं होतं आईबापांनाच मदतीला घेणं. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात 1980 च्या दशकात ही पद्धत तयार झाली. मुलीनं पुन्हा जेवावं याची जबाबदारी सुरुवातीला आईबाप घेतात, आणि ती सावरेल तशी हळूहळू तिच्याकडे परत देतात.

आपल्या विषयाचं सगळं सार मला त्या जेवणाच्या टेबलावर दिसलं. ताटातलं संपवायचं, यात सूट नव्हती. तीन वेळा जेवण, दोन वेळा मधलं खाणं, आई शेजारी बसलेली. मुलगी रडायची, चिडायची, ताट ढकलायची, "तू माझी शत्रू आहेस" म्हणायची. आईला शिकवलं होतं की या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही, उठून जायचं नाही आणि अबोला तर धरायचाच नाही. ती म्हणायची, "तुला भीती वाटतेय, मला दिसतंय. मी इथंच आहे. हा घास घे." रडायला मोकळीक, ताटाला नियम. वडीलही "कशाची कमी आहे" ऐवजी "काय होतंय, सांग" म्हणायला शिकले. पन्नाशीतल्या माणसाला वाक्य बदलणं सोपं नसतं, पण त्यांनी ते केलं.

त्या वर्षी चातुर्मासाला गावात आर्यिका माताजी होत्या. मुलगी त्यांच्याकडे उपवासाचा नियम मागायला गेली. माताजींनी नियम दिला नाही. आपल्या सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे, ते त्यांनी तिला समजावलं. तप शक्तीप्रमाणे करायचं असतं, आणि तुझी शक्ती आत्ता औषधासारखं जेवण्यात लागली पाहिजे. आईच्या आणि डॉक्टरांच्या बोलण्यानं जे हललं नव्हतं, ते त्या दिवशी थोडं हललं. सावरायला दीड वर्ष लागलं, मध्ये दोनदा घसरण झाली. आज ती कॉलेजला जाते. नंतर एकदा आजीला म्हणाली, "भूक असली ना आजी, की डोक्यातलं दुसरं काही ऐकू यायचं नाही. म्हणून बरं वाटायचं." ऐकू येऊ नये असं डोक्यात काय होतं, हे तिनं समुपदेशकाकडे हळूहळू सांगितलं, आणि थोडं आईलाही.

मुलग्यांचं दुखणं वेगळ्या दारानं बाहेर येतं. "बायकांसारखा रडतोस काय" हे आपण चौथीपासून ऐकवतो. मग नववी-दहावीत त्याच्याकडे एकच भावना उरते, ती म्हणजे राग. दुःख झालं तरी राग, भीती वाटली तरी राग. दुकान सांभाळायचं ठरलेलं, डॉक्टर व्हायचं ठरलेलं, त्याला कुणी विचारलेलं नाही. असा मुलगा गाडी जोरात पळवतो, रात्रभर मोबाइल बघतो, आणि आपण म्हणतो, संगत वाईट आहे.

मोबाइलवरून आठवलं. पुष्कळ मैत्रिणी विचारतात, गुपचूप तपासावा का? स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी पाहिलं की मुलं काय करतात हे आईबापांना कळतं तरी कशावरून. 2000 मध्ये त्यांनी लिहिलं की ते पाळत ठेवून फारसं कळत नाही, मूल आपण होऊन सांगतं त्यातूनच मुख्यतः कळतं. म्हणजे आपली खरी गुंतवणूक मूल सांगत राहील अशा वातावरणात हवी. मोबाइलला वेळेचा नियम जरूर असावा, आणि तो उघडपणे सांगितलेला असावा. चोरून बघितलं की मूल अधिक चांगलं लपवायला शिकतं. चार कषायांमध्ये माया म्हणजे कपट आहे, ते आपणच त्याला शिकवायचं का?

घरात रोज करता येईल असं मला एवढंच सांगायचं आहे. मूल काही सांगायला आलं की उपदेश करण्याआधी त्याचं वाटणं त्यालाच परत सांगा: "तुला फार अपमान झाल्यासारखं वाटलं का?" अनेकान्त आपण दुसऱ्या धर्मांबद्दल बोलताना वापरतो, तो आधी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाजूसाठी वापरू या. त्याची बाजू पटली पाहिजे असं नाही, ती आहे एवढं मान्य करायचं. नियम मोडला तर शिक्षा त्या वागण्यापुरती असू द्या, आणि आई रात्री झोपताना बोलेल हे मुलाला माहीत असू द्या. राग आला तर "मी आत्ता चिडले आहे, जेवण झाल्यावर बोलू" असं सांगून गप्प बसा. सांगून घेतलेलं मौन आणि अबोला यात मूल बरोबर फरक करतं.

"त्याचा स्वभावच तसा" असा शिक्का मारू नका. या वयात व्यक्तिमत्त्व घडत असतं. अठरा वर्षांच्या आत व्यक्तिमत्त्वाच्या आजाराचं नाव देताना डॉक्टरसुद्धा फार जपून असतात. आपण तर भांडणाच्या भरात देऊन टाकतो.

आणि काही वेळा घरच्या मायेवर भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, आवडत्या गोष्टींतून मन उडणं, झोप किंवा जेवण बिघडणं, अंगावर जखमा, मित्र तोडणं, मरणाची भाषा, यातलं काही दिसलं तर नजर काढत बसू नका आणि लग्नाला अडचण येईल म्हणून लपवू नका. मरणाची भाषा असेल तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर फ्रिजवर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. मुलांना दिसेल असा.

दशलक्षण जवळ येतंय. यंदा एखादी मुलगी मोठा उपवास करते म्हणाली, तर कौतुकाआधी तिला शेजारी बसवून विचारा, "पारण्याला तुला काय खावंसं वाटतं?" तिनं हसून दोन पदार्थ सांगितले तर निर्धास्त राहा. ती गप्प झाली, तर तिथंच थोडा वेळ बसा.

जय जिनेंद्र.